रेवणप्पांनी बोट ठरवली

लातूरच्या गंजगोलाईत कुणी काही ठरवलं, की ते चहा गार व्हायच्या आत सोळाही रस्त्यांना कळतं. पण रेवणसिद्ध शेट्यांनी मालदीवच्या बेटांत चार दिवसांसाठी अख्खी बोट ठरवली, हे महिनाभर कुणाला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा कुणी खरं मानलं नाही. मानावं तरी कसं? माणूस लग्नाला घोडा ठरवतो, वाजंत्री ठरवतो, पंगतीला आचारी ठरवतो. बोट कोण ठरवतं? तीही साधीसुधी नव्हे. तीन मजली, पांढरीशुभ्र, आत गाद्यागिरद्या, थंड हवा, आणि पाच माणसं नुसती सेवेला. शेट्यांचं दुकान लोखंडी भांड्यांचं. तवे, कढया, विळे, खुरपी, आणि मागच्या अंगणात उसाचा रस आटवायच्या मोठाल्या काहिली. अडुसष्ट वर्षांच्या अशा माणसाला ही बुद्धी झाली कुठून?

पैसे किती लागले ते विचारू नका. गोलाईत त्यांना सगळे रेवणप्पा म्हणतात, आणि रेवणप्पांनी तो आकडा सख्ख्या मेहुण्याला सांगितला नाही, तर आपण कोण सांगणार.

कारण मात्र मेहुण्याला ठाऊक होतं. मेहुणा म्हणजे मल्लिनाथ. बिलोली तालुक्यात मांजरेच्या काठी त्याची शेती आहे आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानंच बातमी आणली होती की शिवानी आता मालदीवात एका मोठ्या बोटीची कॅप्टन आहे, श्रीमंतांना बेटं दाखवत फिरवते. शिवानी म्हणजे रेवणप्पांची एकुलती एक लेक. बाप-लेकीत बारा वर्षं शब्द नव्हता. तीन वर्षांपूर्वी शिवानीची आई, उमाबाई गेल्या, तेव्हासुद्धा नाही.

"मग सरळ फोन लावा की लेकीला, दाजी. बोट कामून?" मल्लिनाथ म्हणाला होता.

"फोनवर बोलायचं न्हाई ते."

"मग लातूरला बोलवा."

"येईल?"

मल्लिनाथनं यावर सुपारी कातरायला घेतली.

बोलायचं होतं ते असं. उमाबाई गेल्या त्या दिवशी शिवानीला कळवलं गेलं नाही. "पोरगी समुद्रात हाय, फोन लागंना," असं रेवणप्पांनी सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली. शेटे लिंगायत, त्यांच्यात माणूस गेलं की दिवस मावळायच्या आत समाधी द्यायची, वाट बघत बसायला सवड नसते. बंदर बदललं की पोरगी नंबर बदलायची, आणि नवा नंबर एकट्या उमाबाईंच्या फोनात असायचा, त्यामुळं दुसऱ्या कुणी खटपट केली नाही. अकराव्या दिवशी शिवानीनंच कुठून तरी मामाचा नंबर काढून फोन केला, तेव्हा तिला कळलं. खरी गोष्ट ही होती की रेवणप्पांनी फोन लावलाच नव्हता. हे मल्लिनाथलाही ठाऊक नव्हतं. तीन वर्षं ते रेवणप्पांच्या घशात अडकलं होतं, धड गिळवेना, धड ओकवेना. ते लेकीच्या तोंडावर सांगायचं, आणि तिनं हाकललं तरी भर समुद्रात हाकलणार कुठं, एवढा विचार करून त्यांनी बोट ठरवली.

ठरवून दिली ती औसा रोडवरच्या सोमेशनं. सोमेश काशी, बालाजी, चारधाम लावून देणारा गडी. बोट तो जन्मात पहिल्यांदाच लावत होता, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"माझं नाव कॅप्टनला कळता कामा नये," रेवणप्पा म्हणाले. कळलं तर ती रजा टाकेल आणि दुसऱ्याच कुणाला सुकाणूवर बसवेल, ही त्यांची भीती.

"बुकिंग एजन्सीच्या नावावर घेतो, अप्पा. पासपोर्ट तिकडच्या हापिसात जमा होत्यात. कॅप्टनला नुसता ह्यो फॉर्म जातो."

फॉर्म चार पानांचा होता. पाहुण्याला काय लागतं, काय चालत नाही, उशी मऊ का कडक, सगळं आधी लिहून द्यायचं, म्हणजे बोटीवर मागायची वेळ येत नाही. सोमेश वाचत गेला, रेवणप्पा सांगत गेले.

"मासे?"

"न्हाई. मटण न्हाई, अंडं न्हाई. दारू न्हाई, ते विचारूच नको."

"सकाळी चहा किती वाजता?"

"पूजा होईपर्यंत पाणीसुद्धा नको. पूजेला पांढरं फूल मिळालं तर बरं. मग चहा. सुंठ घालून. साखर टाकायची, ढवळायची न्हाई."

सोमेशनं मान वर केली. "ढवळायची न्हाई?"

"वरचा चहा कडक पाहिजे आन् शेवटचा घोट गोड. ल्ही तसं."

"जेवणात?"

"ज्वारीची भाकर. आमटीत गूळ नको. रात्री दुधात भाकर कुस्करून, त्यात चिमूटभर मीठ."

आता बघा, नाव लपवायचं म्हणून एवढा आटापिटा, आणि फॉर्मात सगळं घर उघडं करून ठेवलं. पण रेवणप्पांच्या वडलांची दुकानात एक शिस्त होती, तोंडानं काय दोन शब्द इकडंतिकडं झाले तर झाले, कागदावर खोटं उतरवायचं नाही. काहिलीचं वजन चिठ्ठीवर लिहायचं ते तोळ्याला तोळा खरं. ती शिस्त मुलाच्या हाडात मुरली होती. चार पानं खरीखुरी भरून त्यांनी खाली इंग्रजीत सही केली, आणि सोमेशनं ती एजन्सीच्या शिक्क्याखाली झाकली.

जानेवारीत दोघं निघाले. मल्लिनाथ धपाटे, शेंगाची चटणी आणि एक नवीन टॉवेल घेऊन लातूरला आला. निलंगा, बिदर करत गाडीनं हैदराबाद गाठलं, आणि तिथून विमान. विमान पाण्यावर आलं आणि मल्लिनाथनं खिडकीला नाक लावलं. खाली निळ्या पाण्यात बेटांची माळ पसरली होती, एकेक बेट हिरवं, भोवती पांढरी कड.

"दाजी, ही तर काहिली मांडून ठेवल्यावानी दिसतेत."

रेवणप्पांनाही काहीलच आठवत होती, पण दुसरी.

शिवानी तेव्हा सात वर्षांची होती. श्रावणात पंचमीला उमाबाई तिला घेऊन माहेरी गेल्या होत्या आणि रेवणप्पा त्यांना आणायला गेले. गेले ते तिथंच अडकले. मांजरेला पाणी वाढलं, गावच्या रस्त्यावरचा ओढा फुगला, आणि एसटी पलीकडच्या फाट्यावर. मल्लिनाथनं गुऱ्हाळावरून काहील आणली आणि ओढ्याच्या पाण्यात लोटली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी रेवणप्पांनीच ती सासऱ्यांना दिली होती, सहा फुटांची, जाड पत्र्याची. रस आटवायची काहील पाण्यावर तरंगते हे त्या गावात पोरासोरांना ठाऊक होतं. लातूरच्या काहीलवाल्यालाच ठाऊक नव्हतं.

काहिलीला पुढची बाजू नसते आणि मागचीही नसते. बांबू टेकवला की ती स्वतःभोवती फिरते. उमाबाईंनी डोळे गच्च मिटले, पदराआडचं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि "शिवा, शिवा" सुरू केलं. रेवणप्पांनी काहिलीचा काठ घट्ट धरला होता, जावई माणूस, भीती सांगणार कुणाला. आणि मधोमध बसलेली शिवानी खदखदून हसत होती. झाडं फिरतायत, मामा फिरतोय, ढग फिरतायत, म्हणून हसत होती. मग उठून उभीच राहिली.

"मामा, बांबू मला."

"बस खाली, येडपट."

तेव्हा रेवणप्पाच म्हणाले, "दे रे. धरू दे तिला. मी हाय मागं."

दिला. तिच्या दोन इवल्या मुठींवर बापाचे दोन हात, आणि बांबू तळाला टेकला. काहील एकदा गपकन सरळ झाली, निदान रेवणप्पांना तसं वाटलं. पलीकडं उतरल्यावर पोरगी म्हणाली, "परत." परत गेले. आणखी एकदा गेले. एसटी निघून गेली, उमाबाई फाट्यावर ट्रंकेवर बसून दोघांना शिव्या घालत होत्या आणि घालता घालता हसत होत्या. ओला परकर, चिखलाचे पाय, आणि लातूरला पोचायला दुसरा दिवस उजाडला. त्यानंतर कितीतरी वर्षं दुकानात गिऱ्हाईक काहील बघायला आलं, की रेवणप्पा आधी ही गोष्ट सांगायचे आणि मग भाव. किती सुखाचे दिवस होते ते. तेव्हा काय माहीत होतं.

पुढं बारावीला शिवानीनं असे मार्क पाडले, की नांदेडच्या सरकारी मेडिकलला नंबर लागला. गोलाईत फ्लेक्स लागला, दुकानात पेढे वाटले. आणि दोन महिन्यांत पोरगी हॉस्टेल सोडून चेन्नईला जहाजाच्या कोर्सला निघाली. रेवणप्पांनी नांदेडच्या स्टँडवर तिला गाठलं. आधी समजावलं, मग आवाज चढवला, लोक जमले. "हे खूळ डोक्यात घातलं कुणी तुझ्या?" असं त्यांनी विचारलं, आणि ती म्हणाली, "तुम्ही घातलं, आप्पा. बांबू दे म्हणालं कोण?" उत्तर सुचलं नाही की माणूस चिडतो. "डॉक्टर होऊन आलीस तर घर तुझं हाय," म्हणाले आणि लातूरची बस पकडली. काहिलीची गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली.

मालेला विमानतळाच्या दारातच धक्का आहे. बाहेर आलं की समोर बोटी. शिडीपाशी शिवानी उभी होती. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, डोक्यावर टोपी, उन्हानं रापलेला चेहरा. नाक थेट उमाबाईंचं. रेवणप्पांनी महिनाभर मनात चित्र रंगवलं होतं, की आपल्याला बघून ती दचकेल, टोपी पडेल, तोंडातून शब्द फुटणार नाही. तसं काही झालं नाही.

"मामा, पायरी ओली हाय, हात द्या," असं म्हणून तिनं मल्लिनाथला वर घेतलं, वाकून त्याच्या पाया पडली. मग सरळ झाली.

"वेलकम ऑन बोर्ड, सर. चप्पल इथं काढा. वर चालत नाही."

सर. रेवणप्पांनी चप्पल काढली.

"तू सांगितलंस," खोलीत गेल्यावर ते मल्लिनाथला म्हणाले.

"तुमच्या गळ्यातल्या लिंगाची आण. या खेपेला न्हाई सांगितलं," मल्लिनाथ म्हणाला. "या खेपेला" म्हणाला म्हणजे खरं असणार.

उलगडा चहाच्या वेळी झाला. कप आला. सुंठेचा वास, आणि तळाला साखर तशीच बसलेली. शिवानी कप ठेवून मामाकडं वळली. "मामा, पाहुण्यांचा फॉर्म मला तीन आठवड्यांपूर्वी आला. साखर टाकायची आणि ढवळायची न्हाई. असला चहा पिणारा माणूस माझ्या ओळखीत एकच. मी तेव्हाच मालेच्या दुकानात ज्वारीचं पीठ सांगून ठेवलं."

मल्लिनाथ हसून हसून लाल झाला. "ह्ये बगा. चोर आला, आन् स्वतःच पत्ता टाकून गेला."

रेवणप्पा चहा प्यायले. शेवटचा घोट गोड होता. म्हणजे तिला तीन आठवडे आधी माहीत होतं, आणि तिनं रजा टाकली नव्हती, एवढं एकच त्यांना धरून ठेवायला मिळालं. ते त्यांनी धरून ठेवलं.

दोन दिवस बेटांमागून बेटं गेली. काय ते पाणी. आधी काचेसारखं, मग मोरपंखी, मग एकदम काळंनिळं. उमाबाई असत्या तर हात घालून बघितला असता आणि म्हणाल्या असत्या, कुणी रंग कालवला हो यात. एका बेटावर माडाखाली गाद्या टाकून दिल्या, शहाळी फोडली. दुसऱ्या बेटाशी मल्लिनाथला तोंडात नळी देऊन पाण्यात उतरवलं आणि तो दहा मिनिटं मासे बघून आला, तर चार तास तेच सांगत बसला. शिवानी सगळीकडं हजर. "सर, उन्हात टोपी घाला." "सर, इथं दोरी आहे, बघून." "सर, आता थोडं हलेल." बारा वर्षांत ती जेवढी बोलली नव्हती तेवढं दोन दिवसांत बोलली, आणि त्यात एक शब्द घरचा नव्हता.

भाकरी मात्र तिनं स्वतः केल्या, आचाऱ्याला जमेनात म्हणून. कडा फाटलेल्या, मधे कच्च्या. मल्लिनाथनं एक तुकडा मोडला आणि म्हणाला, "पोरी, डॉक्टर बी झाली न्हाईस आन् सुगरण बी न्हाई." तिघंही एकदम हसले. क्षणभर वाटलं, आता हे सुटेल. रेवणप्पांनी तोंड उघडलं तेवढ्यात वरून कुणी तरी तिला हाक मारली आणि ती गेली. त्यांनी कच्ची भाकर पूर्ण खाल्ली. दुसरीही मागून घेतली. एरवी उमाबाईंच्या हातच्या भाकरीला नावं ठेवणारा माणूस.

किती वेळा सांगायचं मनात आलं. ती दोरखंड गुंडाळत असताना, नकाशावर वाकलेली असताना. एकदा तिच्या कॉलरच्या आत पांढरा दोरा दिसला, गळ्यातल्या लिंगाचा. उमाबाईंनी अंघोळीनंतर रोज तपासावा तसाच स्वच्छ होता. रेवणप्पा बघत राहिले, आणि ती "काही लागतंय का, सर?" म्हणाली, तर "न्हाई" म्हणून बसले. तिसऱ्या दिवशी नाही सांगितलं तर चौथ्या दिवशी विमान.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट एका वाळूच्या बेटाजवळ नांगर टाकून उभी होती. बेट म्हणजे काय, आपल्या खळ्याएवढी पांढरी वाळू, झाड नाही की झुडूप नाही. मल्लिनाथ खाली घोरत होता. रेवणप्पांनी अंघोळ केली, वरच्या मजल्यावर आसन टाकलं, गळ्यातल्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली. ताटलीत पांढऱ्या चाफ्याची पाच फुलं ठेवलेली होती. रोज पूजेला अर्धा तास लागतो. त्या दिवशी मन जागेवर येईना, तास गेला.

पूजा आटपून मागं वळले, तर शिवानी कप घेऊन उभी.

"सर, चहा. दहाला निघायचंय."

"ठेव. आन् जरा थांब."

"मशीन सुरू करायला सांगायचंय—"

"सांग की मग. आधी एक ऐक. ह्याच्यासाठीच आलोय मी. बेटं बघाया आलो न्हाई."

ती थांबली.

"अव्वा गेली त्या दिवशी तुला फोन लागला न्हाई, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते खोटं हाय. मी लावलाच न्हाई."

झालं बोलून. तीन वर्षं छातीवर ठेवलेलं एका वाक्यात संपलं. आता ती ओरडेल, किंवा रडेल, याची ते वाट बघू लागले. शिवानीनं टोपी काढली आणि समोरच्या बाकावर बसली.

"माहिती हाय मला," ती म्हणाली.

"मामानं—"

"मामाला कुठं माहिती हाय. मी समुद्रात न्हवतेच त्या दिवशी. कोचीला होते, बंदरात. फोन हातात होता. शनिवार होता तो, आप्पा. दर शनिवारी साडेअकराला मी अव्वाला फोन करायचे, तुम्ही दुकानात असायचे तेव्हा. त्या दिवशी पण लावला. वाजला, कुणी उचलला न्हाई. परत लावला. चौदा वेळा लावला. पंधराव्यांदा बंद लागला."

सर कधी गेलं आणि आप्पा कधी आलं, हे तिच्या ध्यानात नसावं. रेवणप्पांच्या आलं, पण त्याचा आनंद करायची ती वेळ नव्हती. तिला सांगायला जे आणलं होतं ते अर्धंच होतं. उरलेलं अर्धं ते स्वतःशीसुद्धा कधी बोलले नव्हते.

"तिचा फोन माझ्या सदऱ्याच्या खिशात होता," ते म्हणाले. "इथं. बाया तिला आंघोळ घालत होत्या आन् ह्यो वाजत होता. काढून बघितला. तुझं नाव होतं. परत खिशात ठेवला. दर वेळेला बघितलं आन् दर वेळेला ठेवला. मग बंद केला."

"कामून?"

सोपा प्रश्न. त्याचं उत्तर रेवणप्पांनी रात्र रात्र टाळलं होतं.

"तू आली असतीस. माझ्या गळ्यात पडून रडली असतीस. मला तुला जवळ घ्यावं लागलं असतं, सगळ्या लातूरपुढं. नऊ वर्षांचा राग मला तिथं टाकावा लागला असता. मला टाकायचा न्हवता. तिच्या मयतीत पण मला माझंच खरं करायचं होतं. असा माणूस हाय मी, शिवे."

पाणी बोटीला हलकं हलकं थापा मारत होतं. शिवानी वाळूच्या बेटाकडं वळली.

"मला वाटलं अव्वा रुसली," ती म्हणाली. "दिवाळीला मामाकडं येते, तिथं भेटू, असं मी तिला म्हणाले होते. सुट्टी मिळाली न्हाई. मला वाटलं, त्याचा राग धरला आन् फोन उचलत न्हाई. मग मी पण चिडले. अकरा दिवस चिडून होते मी तिच्यावर. ती गेली होती, आप्पा, आन् मी तिच्यावर चिडून होते."

रेवणप्पांना गलबलून आलं. माफीची चार वाक्यं ते लातूरहून पाठ करून आले होते. त्यातलं एकही आठवेना. त्यांनी नुसते हात जोडले.

"हात जोडू नका," शिवानी म्हणाली. "मला माफबिफ न्हाई करता यायचं. आत्ता तर न्हाईच."

"मग काय करू सांग. तू म्हणशील ते."

"तो दिवस सांगा."

"कोणता?"

"तोच. सगळ्यांकडं हाय तो दिवस, माझ्याकडंच न्हाई. मामाला विचारलं की मामा रडायला लागतेत. पार सकाळपासून सांगा. काही सोडू नका."

तिनं खाली हाक मारून सांगितलं, की आज दहाला निघायचं नाही, मशीन सुरू करू नका. मग पाय वर घेऊन मांडी घालून बसली, घरी बसायची तशी.

रेवणप्पांनी डोळे पुसले. सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून अंधारातूनच केली. "पाचला उठली. थंडी होती. गुडघा धरला होता, म्हणून भिंतीला हात लावत लावत गेली. पूजा केली. मग मेथी निवडत बसली, सूप मांडीवर घेऊन."

"साडी?"

"जांभळी. बारीक काठाची. पदराला एके ठिकाणी तिनंच रफू केलेलं. म्हणाली, आज शनिवार हाय. शनिवारी ती सकाळपासून खुशीत असायची. कामून ते मला कधी कळलं न्हाई. तुझं आत्ता ऐकलं तवा कळलं."

शिवानीनं ओठ दाबून धरले आणि पुढं म्हणून मान हलवली.

त्यांनी पुढं सांगितलं. आठला दुकानाच्या किल्ल्या तिनं हातात दिल्या. कोथिंबीर सांगितली. नऊच्या सुमाराला शेजारच्या सरजाबाई धावत दुकानात आल्या. घरी येईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसली होती, मेथी अर्धी निवडलेली, अंग अजून ऊन. डॉक्टर आले, त्यांनी मान हलवली. रेवणप्पांनी पहिलं काय केलं, तर शेगडी बंद केली, दूध उतू चाललं होतं. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मठातून स्वामी आले. अंगणात पाट मांडला. कुणी बेल आणला, कुणी विभूती. कोण कोण आलं, कोण कुठं बसलं, कुणी काय म्हटलं, सगळं त्यांना आठवत होतं, आणि एवढं आठवतंय याचं त्यांनाच नवल वाटत होतं. मध्येच मल्लिनाथ डोळे चोळत वर आला. दोन वाक्यं ऐकली आणि पायरीवरच बसला. जन्मात पहिल्यांदा तो मध्ये बोलला नाही.

"बायांनी पाणी तापवलं," रेवणप्पा म्हणाले. "सरजाबाईनं केस सोडले तिचे. लई केस होते. आन् साडेअकराला..."

ते थांबले. समोर चहाचा कप तसाच होता, गार झालेला.

"हे सोडू का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," शिवानी म्हणाली. ती उठून त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांचा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला. "पहिला फोन आला, तिथून सांगा."